भाकड शेअर आणि अण्णांच्या पाटी

येडशीच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती आणि अण्णा मला शेळ्यांचं सांगत होते. कुर्डुवाडीला उतरून मी पुण्याची मोठी गाडी धरणार होतो, जन्मात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर चाललो होतो, आई पदराआड रडत होती, आणि माझे वडील म्हणत होते, "बोकड इकून तुजं तिकीट आन् खोलीचं डिपॉझिट झालं. पाट ठिवलीय. ध्यानात ठिव दत्ता, बोकड इकावा, पाट राखावी. पाट इकली की घर बसलं."

पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, हे पुण्यात जन्मलेल्या आपल्या लेकरांसाठी सांगून ठेवतो. मला तेव्हा राग आला होता. पोरगा चाललाय आणि ह्यांना शेळ्या सुचतायत! गाडीनं शिट्टी दिली. अण्णा खिडकीबरोबर चालत अजून काहीतरी सांगत होते. ते ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कानही दिला नाही.

आपल्या गावात, बेंबळीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, पुढची वीसेक वर्षं त्याच एका वाक्यावर माझा संसार चालला. चाकणच्या कंपनीत लागलो. पगार हा बोकड, मुदत ठेव ही पाट, असा मी हिशोब बसवला. व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये. सुनीता, माझी बायको, सोलापूरच्या मास्तरांची मुलगी. तिला वाटायचं, नवऱ्याला अर्थशास्त्र कळतं. कँटीनमध्ये मी पोरांना फुकट सल्ले द्यायचो. "आमचे अण्णा म्हणतात," अशी सुरुवात करायची आणि पुढं आपलंच काहीतरी लावून द्यायचं. लोक मान डोलवायचे. माणूस बिघडायला तेवढं पुरतं.

मग फोनमध्ये ते अ‍ॅप आलं. शेजारच्या मशीनवरचा एकजण रोज जेवताना हिरवे आकडे दाखवायचा. ऋतुजाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, नर्सिंग कॉलेजच्या फीसाठी ठेवलेली मुदत ठेव मी मोडली आणि सगळी एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातली. ती कंपनी काय बनवते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सुनीताला सांगितलं नाही. म्हटलं, दुप्पट झाले की एकदमच सांगू.

शेअर पडायला लागला. शहाणा माणूस विकून मोकळा झाला असता. पण मी अण्णांचा मुलगा ना! पाट विकायची नसते. आज बारकी आहे, उद्या व्येल. निम्म्यावर आला, धरून ठेवला. आणखी घसरला, तरी धरून ठेवला. वर कँटीनमध्ये सांगत होतो, "धीर लागतो, धीर. आमच्या रक्तातच आहे तो." शेजारच्या मशीनवाल्यानं तोवर विकून नवी मोटरसायकल घेतली होती.

त्यातच कंपनीनं आमची लाइन बंद केली. दोन महिने पगार नाही. ऋतुजाच्या दुसऱ्या वर्षाची फी शुक्रवारपर्यंत भरायची होती, नाहीतर परीक्षेला बसू देणार नव्हते. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन आलो. ज्यांना सल्ले दिले होते, त्यांचे फोन लागेनात. मुलगी घरात अभ्यास करत बसलेली असायची. "पप्पा, फी भरली ना?" असं तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "भरतोय ना बाळा, सर्व्हर डाऊन आहे."

बुधवारी पहाटेची एसटी धरली. सुनीताला सांगितलं, अण्णांचे गुडघे लई दुखतायत.

अण्णा दारातच शेळ्यांना पाणी दाखवत होते. आई गेल्यापासून घरात ते आणि पाच शेळ्या, सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. मी सगळं सांगितलं. अ‍ॅप, शेअर, मोडलेली ठेव. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शेअर म्हणजे काय हे सांगताना मला कळलं की ते मलाच माहीत नाही.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "ह्यानं कदी काय दिलं का तुला? एखादं वेत? करडू? दूध?"

"नाही अण्णा. अजून तरी नाही."

"किती दिवस झालं?"

"तीन वर्षं."

"आरं मंग ती पाट कशी म्हनायची? ती भाकड हाय." त्यांनी बादली खाली ठेवली. "भाकड दुसऱ्या सालाला दावणीला ठिवायची न्हाय, हे सांगितलं न्हवतं व्हय म्या? गाडीसंगं पळत सांगितलं की तुला!"

मी अंगणात बसूनच ते शेअर विकले. जे आलं, त्यात फीचा चौथा हिस्साही होईना. अण्णांनी आकडा विचारला, मी सांगितला. त्यांनी पाचही शेळ्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "उद्या बाजार हाय."

"अण्णा, नको. ह्या सगळ्या राखलेल्या पाटी आहेत. दोन तर गाभण आहेत."

"मला दिसतंय की. शिकवतो का मला?"

"घर बसलं म्हणायचात तुम्ही."

"म्हनायचो. आता गप ऱ्हा."

आईच्या दवाखान्याला त्यांनी रानातला तुकडा विकला होता. शेळ्या विकल्या नव्हत्या.

बाजारात व्यापाऱ्यानं पाचही शेळ्यांचे दात बघितले, कास चाचपली. टॉवेलाखाली अण्णांचा हात धरून बोटांनी भाव केला. मी कासरे धरून उभा. व्यापारी माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरगं पुन्याचं का? दावनीला शोभंल असा माल हाय, कशापायी इकताय आण्णा?"

"जागा पुरंना," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या फोनवर पैसे येत नाहीत, म्हणून व्यापाऱ्यानं ते माझ्याच फोनवर टाकले. टिंग वाजलं. तिथंच लेंड्यांत उभं राहून मी फी भरली. पावती आली. एका शेळीनं माझी बाही तोंडात धरली होती, ती सोडवून घ्यावी लागली.

परतताना अण्णांनी विचारलं, "सुनबाईला काय सांगून आलायस?"

"तुमचे गुडघे दुखतायत म्हणून."

"दुखत्यात की. त्यात खोटं न्हाय. पर राहिलेलं बी सांग. हितनंच सांग, मी हाय तवर."

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी सुनीताला सगळं सांगितलं. ती एवढंच बोलली, "अण्णांनी गाभण शेळ्या विकल्या?" आणि फोन ठेवला. त्याला आता महिना होईल. ती स्वयंपाक करते, ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. ऋतुजाला अजून एवढंच माहीत आहे की सर्व्हर चालू झाला.

त्या दिवशी पुढं एक बाभळ लागली. अण्णांनी चालता चालता सवयीनं काठीच्या आकडीनं फांदी खाली ओढली, शेंगांची, हिरवीगार. पाला ओरबाडायला हात घातला आणि तसेच थांबले. फांदी सोडली नाही, तोडलीही नाही. मी शेजारी उभा होतो. त्यांनी मान वळवली नाही.

इतकी वर्षं इथं पुण्यात काहीही बिनसलं की मी म्हणायचो, गावाकडं आहेच की. तुम्हीही म्हणत असाल. ते 'आहेच' मी एका गुरुवारी बाजारात उभं राहून विकून आलो. रोज सकाळी नऊला अण्णांचा फोन येतो. त्या वेळेला ते शेळ्या सोडायचे. आता मोकळे असतात. "काम लागलं का रं?" विचारतात. नाही म्हटलं की म्हणतात, "लागंल." मग फोन कुणीच ठेवत नाही.