बारा मजल्यांच्या खड्ड्यातली ओटी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते दळणाच्या डब्यावर नाव घालण्यापुरतंच. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागितल्याशिवाय माझ्यानं लिहवत नाही.

सांगली तेव्हा भराभर वाढत होती. विश्रामबागेत एका बिल्डरच्या ऑफिसात मी फरशी पुसायला जायची. भिंतीवर भलं मोठं चित्र होतं. नदीकडच्या रानात बारा मजली इमारत, गच्चीवर पोहायचा तलाव, खाली कारंजं. चित्रातल्या माणसांना तोंडं काढलेली नव्हती. पुसताना मी त्यांच्याकडे पाठ करायची.

आम्ही साताऱ्याकडचे, डोंगरातले. नवऱ्यानं तिकडचा जमिनीचा वाटा विकून चौथ्या मजल्यावर दोन खोल्या धरल्या. होतं नव्हतं ते सगळं त्या चित्रात गेलं.

भूमिपूजन भर वैशाखात झालं. पायाचा खड्डा आधीच खणला होता. बिल्डरला हौस दांडगी. म्हणाला, "नदी आपली शेजारीण. तिचीही ओटी भरू." सवाष्ण म्हणून मला पुढं केलं. खण, नारळ, तांदूळ मी त्या कोरड्या खड्ड्यात ठेवले. फोटो निघाले.

शेजारच्या रानातली म्हातारी बांधावरून बघत होती. तिनं मला हाक मारली.

"आगं पोरी, काय केलंस ह्ये?"

"नदीची ओटी भरली, आजी."

"आमी भरतो ती पाणी उंबऱ्याला लागल्यावर. जा बाई आता माघारी, म्हणून. जाणाऱ्या बाईची ओटी भरत्यात. कोरड्यात भरलीस म्हंजे आवतणच दिलंस की गं तिला!"

बिल्डर हसला. "येऊ दे की आजी. लिफ्टनं वर नेऊ तिला."

"तुजी लिफ्ट पुरंल व्हय रं तिला?" म्हातारी म्हणाली आणि चालू लागली.

पावसाचा थेंब नव्हता, तरी खड्ड्याच्या तळाला ओल दिसली. मग पाणी. पंप लावून उपसलं, तरी सकाळी तेवढंच असायचं.

"झरा लागला असंल," नवरा म्हणाला. "आपण डोंगरातले, आपल्याला काय कळतंय पाण्यातलं?" पण जेवताना त्याचा घास तोंडाशीच थांबायचा.

श्रावणात नदी आली. मला तर ती त्या खड्ड्यातूनच वर आल्यासारखी वाटली. पंप, सळया, नावाचा बोर्ड, सगळं गेलं. पाणी ओसरलं तसा जागा धरलेला एकेक जण पैसे मागायला आला. इमारत बांधायची राहिली ती राहिलीच. ऑफिसातलं चित्र उतरवलं तेव्हा मागची भिंत ओली होती. तिथवर तर पूर पोचलाही नव्हता.

बिल्डरनं पैसे बुडवले नाहीत. राहतं घर विकून थोडेथोडे देत राहिला. खड्डा अजून आहे, वैशाखातही आटत नाही.

परवा तो आमच्या भाड्याच्या खोलीवर आला. पार पिकला होता. नवऱ्याच्या हातात पाकीट दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, दिलेलं आवतण माघारी घेता येतं का हो?"

मला ठाऊक नव्हतं. सांगणारी म्हातारीही आता नाही. मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. चहा तसाच ठेवून तो गेला.

नवऱ्यानं पाकीट उघडून बघितलं. आमचे पैसे सगळे फिटले होते.