एवढं कुणाला लागतं?

वैशाली कांबळेला राग आला की ती आधी माझ्या शिलाईच्या दुकानात यायची. लातूरला आमची दारं समोरासमोर होती. इंग्रजीत जे लिहून पाठवायचं असे, ते ती अगोदर माझ्यासमोर मराठीत भांडून बघायची. "आपा, मशीन थांबवा. ऐका, आणि जास्त झालं तर सांगा." जास्त झालं असं मी कधीच सांगितलं नाही, कारण तिचं बरोबरच असायचं.

भांडण होतं एका एम्युलेटरच्या कर्त्यांशी. एम्युलेटर म्हणजे टीव्हीवरचे जुने व्हिडिओगेम संगणकावर चालवणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम. तिचा धाकटा भाऊ संजू बँकेत फोन घ्यायच्या कामाला होता. त्याची नजर अधू. गेममधला पळणारा माणूस दिसे, पण कोपऱ्यातली ताकदीची बारीक रेघ दिसत नसे. मग हाक यायची, "ताई, किती उरली?" आणि ही कणकेच्या हातांनी पळायची. खेळतानासुद्धा दुसऱ्याला विचारावं लागतं, हे त्याला फार लागायचं.

ती ताकद मेमरीत आकडा होऊन बसलेली असते म्हणे. तो आकडा नेमका कुठल्या खणात आहे ते सापडलं, की वैशालीने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेली वाक्यं गेम आपोआप बोलणार. पण मेमरी बघायची खिडकी उघडली तर नुसती आकड्यांची भिंत! शोधायची सोय नाही, बदललेला आकडा वेगळ्या रंगात नाही. ही सोय द्या, अशी तिने कर्त्यांकडे रीतसर मागणी केली. उत्तर आलं, एवढं कुणाला लागतं?

"कुणाला लागतं म्हणजे? मी काय भूत हाय का?" ती दुकानात कडाडली. सोबत आलेला संजू म्हणाला, "ताई, माझ्या डोळ्यांचं लिही की. लगेच करतील."

तशी त्याच्यावरच उखडली. "न्हाई लिहिणार! धड दिसावं म्हणायला आधी रडून दाखवायचं का? चांगली वस्तू मागून राहिलो आपण, दया न्हाई."

त्यांनी मागणी बंद केली की ही नव्याने करायची. फुकट देता म्हणून माणसाला असं झिडकारायचं? मलाही संताप यायचा.

पुढे तिची नोकरीत बदली झाली आणि दोघं नांदेडला गेली. यंदा ईदनंतर शीरखुर्म्याचा डबा घेऊन मी एसटीने गेले. सोय आली होती! संजू खेळत होता आणि संगणकातून वैशालीच ओरडत होती, "ताकद संपत आली, मागं सर की येड्या!" तो हसत मागे सरत होता.

स्वयंपाकघरात जाऊन मी मुबारक म्हटलं, तर बाई फणकारली. "कशाचं मुबारक, आपा? नव्या आवृत्तीत काय लिहिलंय माहीत हाय? अनेकांच्या आग्रहावरून! अनेक कोण? मी एकटीच बोंबलून राहिले होते ना!"

तेवढ्यात बाहेर पुन्हा ताकद संपत आली. सवयीने ती कणकेचे हात झटकून दारापर्यंत गेली आणि थांबली.

"बघा," ती म्हणाली, "आता हाकसुद्धा मारत न्हाई मेला."