हा बोंबील म्हणजे तू

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका वाईट शिक्षक अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी रागाने म्हणत नाही, पूर्ण विचार करून म्हणते. शिक्षणाच्या बाबतीत मी जरा जास्तच बोलते, हे मला मान्य आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेली पहिली मी. बाप जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. बँकेत गेला की आधी शाईचं पॅड पुढे ओढायचा. त्याच्या शेजारी उभी राहून मी पहिली सही केली, तेव्हा त्याने तो कागद उलटासुलटा करून, उजेडाकडे धरून पाहिला होता. तेव्हा शिकणं म्हणजे काय आणि शिकवणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. भावोजींना ते कळत नाही. तरीही गेली तीन वर्षं हा माणूस हाताला लागेल त्याला ओट्यावर बसवून मोबाईलवरचा खेळ शिकवतो आहे, आणि आजपर्यंत त्याच्या हाताखालून एकही जण शिकून बाहेर पडलेला नाही. काही जण गाव सोडून बाहेर पडले, ते वेगळं.

भावोजी तीस वर्षं तांडेल होते. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. तो म्हणेल तिकडे होडी वळणार, तो म्हणेल तिथे जाळं पडणार. गुडघे गेले तशी होडी पुतण्यांच्या ताब्यात देऊन ते ओट्यावर आले, पण आवाज काही किनाऱ्याला लागला नाही. इंजिनाच्या धडधडीवरून ओरडायची सवय. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या दोन घरांतून मीठ येतं. अशा माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? भजन करावं, पत्ते खेळावेत, ग्रामपंचायतीवर टीका करावी. यांनी खेळ काढला.

कारण होतं, नाही असं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, आखातात एका इस्पितळात नर्स आहे. आम्ही सगळे तिला बाय म्हणतो. ती तिकडे गेली तेव्हा दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. "जेवलीस?" "जेवले." "काय जेवलीस?" "भात." "बरं, आईकरं देतो." एवढ्यात बापलेकीचा आठवडा संपायचा. भावोजींना बोलायला हातात काम लागतं. जाळं शिवताना, दोर गुंडाळताना ते जगाच्या गोष्टी सांगतील. नुसतं समोरासमोर बसवलं की परीक्षेला बसल्यासारखे गप्प. बायला हे ठाऊक होतं. एकदा सुट्टीवर आली आणि जाताना त्यांच्या मोबाईलमध्ये तो खेळ घालून गेली.

खेळ असा. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, बंदुका शोधतात आणि एकमेकांना मारतात. बेटाभोवती एक गोल आवळत येतो, त्याच्या बाहेर राहील तो मरतो. चौघांची एक टोळी असते, शेवटी जी टोळी उरेल ती जिंकते. टोळीतला कुणी गोळी लागून पडला तर साथीदाराने वेळेत जवळ जाऊन त्याला उठवता येतं. आणि चौघांना एकमेकांशी बोलता येतं. मुद्दा हाच. इकडे चार वाजले की तिकडे दीड वाजतो, बायची जेवणं उरकलेली असतात, आणि पुढचा तासभर बापलेक बोलत सुटतात. "डावीकडे बघ, बाबा. नवीन मेट्रन फार खडूस आहे. त्या झाडामागे कोणीतरी आहे. मी परवा तिला तोंडावर बोलले. मागे बघ, बाबा, मागे." गोळ्यांच्या मधूनमधून आठवडाभराचं सगळं यायचं.

टोळीला दोन माणसं कमी पडली की खेळ आपणहून कुठलीही अनोळखी माणसं आणून भरतो. ती माणसं भावोजींचा खेळ पाहून हिंदीत शिव्या देत, त्याही लेकीच्या देखत. म्हणून भावोजींनी घरची माणसं तयार करायला घेतली. पहिली पाळी ताईची. ती मासळी निवडत होती. तिने विचारलं, "ह्यात शेवटी मिलतं काय?" भावोजींनी मोबाईल परत खिशात घातला आणि ताईचं शिक्षण तिथेच संपलं. मग शेजारच्या मोहल्ल्यातले चाचा सापडले. चाचा तीस वर्षं आखातात नोकरी करून परतलेले, स्वभावाने गरीब. चार दिवसांच्या शिकवणीनंतर मला म्हणाले, "तीस वर्षं परमुलखात काडली, पन तिकरचा मालकसुदा माज्यावर इतका वरडला नाय." तरी ते टिकले, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि ते तोच कान भावोजींकडे करून बसतात.

तिसरी मी. मी अलिबागला एका कार्यालयात नोकरी करते, दर रविवारी एसटीने ताईकडे येते. मला वाटलं, तासाभरात शिकू. पदवी घेतलेली बाई आहे मी, हे पोराटोरांचं काम. भावोजी म्हणाले, "हात नको लावू. आदी नजर बसू दे." ते स्वतः लहानपणी होडीवर गेले तेव्हा तांडेलाने त्यांना वर्षभर नुसतं पाणी उपसायला बसवलं होतं, सुकाणूला शिवू दिलं नव्हतं. तीच त्यांची शिक्षणपद्धती. पहिले दोन रविवार मी फक्त बघायचं. तिसऱ्या रविवारी मला बढती मिळाली, चार्जरची वायर धरून बसायची.

मग तत्त्वज्ञान. ओट्यावर खडूने बेटाचा नकाशा काढला. आतून सुक्या मासळीचा आणि सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोलंबीचा, डबा आणला आणि माणसं मांडली. "हा बांगडा म्हंजे बाय. हा सोडा म्हंजे चाचा. आन हा बोंबील म्हंजे तू." मी विचारलं, "मी बोंबील का?" तर म्हणाले, "जरा कुठं वारा लागला का वाकतेस म्हनून." शत्रू म्हणजे लसणीच्या पाकळ्या. मी कुठून कुठे जायचं हे समजावत असताना मांजर आलं आणि मला उचलून घेऊन गेलं. भावोजी शांतपणे म्हणाले, "बगितलंस? ध्यान नसलं का असं होतं."

शेवटी माझ्या मोबाईलमध्ये खेळ घालून तो हातात आला तेव्हा त्यांनी माझे दोन्ही अंगठे धरून काचेवर दाबले. "बोटं नाय, अंगठे. सगला खेल अंगठ्याचा." मी मुकाट दाबले, पण मनात म्हटलं, आमचं घर अंगठ्यावरून सहीवर यायला किती वर्षं गेली, आणि हा माणूस मला परत अंगठ्यावर बसवतो आहे.

एवढं सगळं करून गुरुजी स्वतः कसे खेळत, तर ते वेगळंच. विमानातून उडी टाकायच्या आधी ते विचारत, "वारा कंचा हाय?" खेळात वारा नसतो हे मी त्यांना तीनदा सांगितलं. "वारा नाय असं कंचंच बेट नाय," एवढं बोलून ते उडी टाकत. बेटावर होड्या असतात. भावोजी होडीखेरीज कुठे जात नसत. बाय डोंगरावर एकटी लढते आहे, आणि हे बेटाला वळसा घालून समुद्रातून निघालेत. उतरले तरी दोनदा मागे जाऊन होडी जागेवर आहे का ते बघणार, कारण त्या होडीला नांगर नाही आणि हा निष्काळजीपणा त्यांच्या जिवाला लागलेला.

आणि मुख्य खोड. कुणीही पडला की हे सगळं सोडून त्याच्याकडे निघत. गोल आवळत येवो, समोरून गोळ्या येवोत, बंदूक असो-नसो. दर्यात कुणाची हाक आली की होडी वळवायची, मग जाळ्यात कितीही मासळी असो. हा तिथला कायदा, तो यांनी खेळात आणला. परिणाम असा की एक पडला की त्याच्यामागे हे पडत, यांच्यामागे चाचा, आणि आमची अख्खी टोळी एका रांगेत पडलेली असे. एकदा तर शत्रूचा माणूस पडलेला पाहून त्याच्याकडे निघाले. मी म्हटलं, "भावोजी, तो आपला नाही, त्याला उठवता येत नाही." तर म्हणाले, "कुनाचा तरी हायच ना तो." ज्याचा होता तो मागेच झुडपात बसला होता. त्याने यांना टिपलं.

असं दीड वर्ष आम्ही न चुकता हरलो. मग एकदा बायचा मला एकटीला फोन आला. "मावशी, तू बाबांना सांग ना. माझ्या रूममधल्या मुलींची टोळी आहे, त्यांना एक जण कमी पडतेय. त्या पण रविवारीच खेळतात. आपण कधी जिंकलोय का गं?"

"मी सांगू?"

"तूच सांग. तू तोंडावर बोलतेस. मला नाही जमणार."

ही मी माझी स्तुती समजले. जे आहे ते स्पष्ट सांगावं, त्यात शिकलेल्या माणसाने मागे राहू नये, असं माझं मत. रविवारी गेले तेव्हा भावोजी ओट्यावर बोंबील मांडून बसले होते. मी चप्पल काढता काढताच सांगितलं, "भावोजी, बाय आता मैत्रिणींबरोबर खेळणार आहे. तुमच्यामुळे हरते ती."

त्यांनी एकदा मोबाईलकडे बघितलं. "हरते व्हय?"

"दर वेळी."

"बरं," ते म्हणाले. बांगडा, सोडा, बोंबील एकेक करून डब्यात टाकले, झाकण लावलं आणि हात धुवायला मागच्या दारी गेले. काम सोपं झालं म्हणून मी चहा पिऊन लवकरची एसटी पकडली.

पुढचे पाचसहा रविवार व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू झाला. "जेवलीस?" "जेवले." "बरं, आईकरं देतो." ताई मला म्हणाली, "चार वाजले का ते मोबाईल चार्जिंगला लावतात. आदीच भरलेला असतो. साडेचारला कारतात." आणि म्हणाली, "परवा जेवताना मीठ मागितलं, ते माझ्यापरंत पन नाय आलं." ओट्यावर खडूचा नकाशा तसाच होता, ताई त्याच्या कडेकडेने झाडत होती. मी तिला म्हटलं, पुसून टाक. तिने पुसला नाही.

मग एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, बायचा फोन. "मावशी, काल आम्ही जिंकलो."

"अरे वा."

"हो." जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. "मी पहिल्या पाच मिनिटांतच पडले. हाका मारत होते. त्या म्हणाल्या, मागे आलो तर सगळ्या मरू. बरोबर आहे त्यांचं, खेळ तसाच असतो. मी बघत बसले. त्या जिंकल्या." मी डब्यातली भाकरी मोडत राहिले. "बाबा काय करतायत?"

मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. मी सांगितलं, "तुझे बाबा दर रविवारी चार वाजता भरलेला मोबाईल भरत बसतात."

त्या रविवारी मी ताईकडे गेले ती सरळ ओट्यावर जाऊन बसले. भावोजी दोर सोडवत होते. दोर गुंतलेला नव्हताच, तेच गुंतवून सोडवत होते. मी म्हटलं, "भावोजी, मला तो खेळ शिकवा. पहिल्यापासून."

"कंचा खेल?"

"तुम्हाला ठाऊक आहे कंचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी पदवी, नोकरी, माझं तोंड, सगळं एकदा नजरेखालून घातलं. "दोन रविवार नुस्तं बगायचं," ते म्हणाले.

"बघीन."

"मदी बोलायचं नाय."

"नाही बोलणार." हे वचन मी पाळू शकले नाही, पण त्या वेळी मनापासून दिलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आतून डबा आणला. चाचांना हाक मारली, ती त्यांच्या कमी ऐकणाऱ्या कानालासुद्धा ऐकू गेली. चार वाजता बाय खेळात आली. "बाबा, विमान चुकेल," एवढंच म्हणाली, जणू मधले रविवार झालेच नव्हते.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. आम्ही अजून एकदाही जिंकलेलो नाही. भावोजींना शिकवता येत नाही हे माझं मत आजही कायम आहे, आणि कोणी विचारलं तर लेखी देईन, सही करून. मी दर रविवारी सगळ्यांच्या आधी पडते. गवतात पालथी पडून राहते, आणि बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून एक होडी वळल्याचा आवाज येतो. "हलू नको. येतो," असं भावोजी ओरडतात, निम्म्या आळीला ऐकू जाईल असं. होडी लावतात, दोनदा वळून तिच्याकडे बघतात, आणि मग पळत सुटतात. खेळातले गुडघे चांगले आहेत त्यांचे. कानात बाय हसत असते, तिच्या मेट्रनची गोष्ट अर्धी राहिलेली असते, गोल आवळत येत असतो. ते वेळेत पोचणार नाहीत हे मला ठाऊक असतं, बायला ठाऊक असतं, चाचांना आणि त्या मांजरालाही ठाऊक असतं. तरी मी हाक मारत राहते.