सोलापूरचा कूलर

धाकट्या भावाला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आहे. परवा त्याचा फोन आला. "दादा, आईलाही घेऊन येतोय. पण तिला तिकडची हवा मानवत नाही ना?"

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. हवा मानवत नाही हे वाक्य घरात पसरवलं ते मीच.

वडील गेल्यावर आईला सोलापूरहून पालघरला आणलं. मी एकटा माणूस, दोन खोल्या पुरेशा होत्या. येताना टेम्पोत आमचा वाळ्याच्या जाळ्यांचा जुना कूलरही घातला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे सकाळीच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, फरशीवर पाणी मारायचं आणि कूलर लावायचा. घर माठासारखं गार होतं. इथंही मी तेच केलं.

खिडक्या लावून घ्यायला मला आणखीही कारणं होती. इथल्या कशावरच माझा विश्वास बसत नव्हता. घरमालकानं भाडेकरू यायच्या तोंडावर नवा रंग का दिला? उत्तरेकडून वारा आला की तारापूरच्या कारखान्यांचा वास येतोय असं वाटायचं. गच्चीवर शेजारच्या मावशी बोंबील वाळवायच्या. त्या मूळच्या सातपाटीच्या, तोंडानं फटकळ.

"भाऊ, घर हाय का डबा?" एकदा जिन्यातच त्यांनी मला अडवलं. "खिडकी उगडा जरा. म्हातारीला उकडून काढताय काय?"

यांना माझ्या घरात काय डोकावायचंय, असंच माझ्या मनात आलं. खिडक्या बंदच राहिल्या.

महिन्याभरात आईला खोकला लागला. औषधांनी तात्पुरतं बरं वाटायचं. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आत, कपाटाशेजारच्या खाटेवर पडली की ती खोकायची. मावशींबरोबर गच्चीवर बसली की खोकला गायब. एका संध्याकाळी कामावरून आलो, तर वरून तिच्या हसण्याचा आवाज येत होता. खाली आली आणि पाचव्या मिनिटाला खोकायला लागली.

मी म्हणालो, "आई, नाटक पुरे. सोलापूरला जायचंय ना? मग सरळ सांग की."

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तू म्हणतोस तर जायचंय."

त्याच आठवड्यात तिला सोलापूरला भावाकडे सोडून आलो. मनात आलं, बघ, निघाली की नाही लगेच!

परत आल्यावर खाट हलवली. लोखंडी कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं होतं, तेही ओढलं. मागची भिंत फरशीपासून माझ्या छातीपर्यंत काळी पडली होती. बुरशी. बोट लावलं तर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. आईच्या राहिलेल्या दोन लुगड्यांच्या घड्यांवर काळे ठिपके होते. दमट हवेत, बंद खोलीत, मी रोज कूलरनं आणखी पाणी सोडत होतो, आणि आईची उशी त्या भिंतीला लागून होती.

भिंत घासली. लुगडी धुतली, डाग गेले नाहीत, टाकून दिली. कुणाला काही बोललो नाही. नातेवाइकांनी विचारलं की सांगायचो, समुद्राची हवा, तिला नाही मानवली. तिनंही कधी खोडून काढलं नाही.

काल भावाला फोन केला. म्हणालो, घर पावसाळ्यात बघ. नुकता रंग दिलेला असेल तर का दिला ते विचार. समोरासमोर खिडक्या हव्यात. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेव. कूलर आणू नकोस.

"हे कळलं," तो म्हणाला. "पण आईच्या छातीचं काय?"

मग सगळं सांगितलं. नाटक हा शब्दसुद्धा.

"हे तिला तू सांग," तो म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिनं मध्येच थांबवलं.

"त्या गच्चीवरच्या बाई बऱ्या आहेत का?"

"आहेत."

"आणि कूलर?"

"आहे. बंद असतो."

"आधी तो घराबाहेर काढ," ती म्हणाली. "यायचं की नाही ते मग बघू."

आज सकाळी कूलर जिन्यात आणून ठेवला. खिडक्या उघड्या आहेत. तिचा फोन अजून आलेला नाही.