कळ्या शिकवल्या मी, कौतुक सागरचं

मंडळी, आत्ताच शारजातल्या रशियन चर्चच्या निधीसाठी ठेवलेल्या जेवणाहून आलोय. पोट भरलंय, पण जळफळाट होतोय.

ऑफिसातल्या कात्याने मला आणि रूममेट सागरला वरेनिकी वळायला बसवलं. वरेनिकी म्हणजे बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्या. मी तिने दाखवल्या तशाच, कडा नीट दाबून वळल्या. सागरने चक्क मोदक वळले!

कात्या ओरडली, "हबीबी, सो ब्यूटिफुल!" आणि जेवताना त्याला शेजारी बसवून स्वतः बोर्श, म्हणजे बिटाचं सूप, वाढलं.

मी कुजबुजलो, "कळ्या पाडायला कोणी शिकवलं, सांग की तिला!"

"जेव रे गुपचूप," सागर म्हणाला.

गणपतीत मीच शिकवलं होतं त्याला. खरं सांगा, तिने दाखवलं तसंच केलं, हे माझं चुकलं का?