मानेचा पट्टा आणि अक्कांचा आशीर्वाद

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकलीय. तिथली नस दबते आणि हाताचा अंगठा बधिर होतो. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, वाकायला सक्त मनाई केलीय.

आज बनशंकरी भागात राहणाऱ्या नणंदेकडे पूजा होती. नवऱ्याची आत्या, आमच्या अक्का, दारातच म्हणाल्या, "पट्टा काढ गं, फोटोत कसं दिसतं ते!"

काढला. मग मी उभ्यानेच हात जोडले, तर त्यांनी माझी मान धरून खाली दाबली. "असा करतात नमस्कार!" खांद्यापासून अंगठ्यापर्यंत वीज गेली. डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणतात कशा, "बघा, किती भाव आहे पोरीत!"

नवरा शेजारीच उभा होता. तो मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो. मानेचे सातही मणके त्याला तोंडपाठ आहेत. मला म्हणाला, "स्वल्प वाकलीस तर काय बिघडतं?"

संध्याकाळी तो उद्याच्या तासासाठी मानेच्या मणक्यांचं प्लास्टिकचं मॉडेल पुसत बसला होता. चहा ठेवायला मी ते जरा बाजूला सरकवलं, तर केवढ्यानं ओरडला, "हळू! मणके निखळतील!"

आता तुम्हीच सांगा, पुढच्या पूजेला अक्कांच्या पाया पडायला हे मॉडेल नेऊ का?