गुणाजी फिटरचा धागा

बहिऱ्या मिस्त्रीच्या हाती तुम्ही तुमची गाडी द्याल? मनात आलं ते खरं सांगा, चारचौघांत चांगलं दिसावं म्हणून नको.

गुणाजी फिटरला तुमचं उत्तर आधीच ठाऊक होतं. म्हणूनच चौऱ्याऐंशी साली त्या सकाळी घाटकोपरच्या गॅरेजात मधुकरशेठसमोर उभा राहिला, तेव्हा तो त्यांच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता. भांडुपच्या खोलीतून निघताना बायकोने, शेवंतीने, दोनदा बजावलं होतं, "अहो, शेठ बोलतील तेव्हा तोंड फिरवू नका. कळलं तर दारातूनच परत पाठवतील."

बावीस वर्षं त्याने कापडगिरणीच्या साचेखात्यात, विणायच्या मागांवर, काढली होती. शेकडो साच्यांच्या त्या खडखडाटात कोणी कोणाशी आवाजाने बोलतच नाही. ओठ वाचायचे, हाताने खुणा करायच्या. गिरणीने आधी कान खाल्ले आणि संपानंतर नोकरी खाल्ली. मग टॅक्सीवाल्यांच्या गाड्या रस्त्याकडेला खोलून-जोडून तो इंजिन शिकला. पण रस्त्यावरचं काम आज आहे, उद्या नाही. इथे कायमची जागा होती.

"ही फियाट," मधुकरशेठ म्हणाले. "पळते झकास. सिग्नलला थांबली की थरथरते, बंद पडते. माझ्या दोघांनी हात टेकले. गिऱ्हाईक एक वाजता येणार. तोवर सरळ केलीस तर नोकरी तुझी."

हेडमिस्त्री चंद्रप्रकाश हसला. "मामा, जरा आवाज ऐका आणि सांगा बघू, काय झालंय?"

गुणाजीने इंजिन चालू केलं आणि तळहात मडगार्डवर ठेवला. इंजिन लंगडत होतं. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दरवेळी तळहाताखाली इंजिन तेवढंच अडखळलं. म्हणजे चारही सिलिंडर सारखेच आजारी. प्लग नवे, पॉइंट नीट, कार्बोरेटर धुतलेला. बारा वाजून गेले. शर्ट पाठीला चिकटला.

"मामा, तो दहाचा पाना द्या," चंद्रप्रकाश मागून म्हणाला.

गुणाजी वाकलेलाच.

"ओ मामा! शेठ बोलावतायत!"

गुणाजी वाकलेलाच. तेव्हा चंद्रप्रकाशने त्याच्या पाठीमागे पाना फरशीवर दाणकन आपटला. पलीकडे पत्रा ठोकणारा माणूस दचकला. गुणाजीची मानही हलली नाही.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो वळला. समोर मधुकरशेठ.

"ऐकू येत नाही तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," गुणाजी म्हणाला.

"मग इंजिन काय डोंबल कळणार? जा बाबा, घरी जा."

गुणाजीची कानशिलं तापली. "शेठ, बोली एक वाजेपर्यंतची होती. आता सव्वाबारा झालेत. ह्या कानवाल्यांनी ऐकून ऐकून काय दिवे लावले ते आधी विचारा!" आपला आवाज किती चढला ते त्याला कळलं नाही, पत्रेवाल्याचा हातोडा थांबलेला दिसला, त्यावरून समजलं.

चंद्रप्रकाश अंगावर यायला लागला. शेठनी त्याला हाताने अडवलं. "एक म्हणजे एक," ते गुणाजीला म्हणाले.

गुणाजीने चोक अर्धा ओढला. हाताखालचं लंगडणं एकदम कमी झालं. अच्छा! पेट्रोल जास्त गेल्यावर बरं वाटतंय, म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा चोरून आत घुसतेय. बारीक फट असणार. फट फुसफुसते, पण त्या ठोकाठोकीत ते शाबूत कानांनाही ऐकू गेलं नव्हतं.

हात पुसायच्या सुताच्या गोळ्यातून त्याने एक धागा उपसला. पंख्याचा वारा नको म्हणून इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवला, पुन्हा चालू केलं आणि पंख्यावाचून ते तापायच्या आत धागा सांध्यासांध्यावरून फिरवला. उभी हयात सूत बघण्यात गेलेली. इथे सरळ. इथेही सरळ. कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या कोपऱ्यात, धागा वाकला आणि सुर्रकन आत ओढला गेला.

"हे नट कोणी आवळले रे?"

चंद्रप्रकाशने तोंड फिरवलं.

कार्बोरेटर उतरवला. नको तेवढं आवळून बूड वाकलं होतं, खालचं पॅकिंग कोपऱ्यात फाटलं होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याने बूड घासून सपाट केलं. पॅकिंग नवं कापलं. नट थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असे बेताने आवळले, बेल्ट चढवला आणि चावी फिरवली. एकला पाच मिनिटं होती.

तळहाताखाली इंजिन एका लयीत चालत राहिलं. एक मिनिट. दोन. चार.

मधुकरशेठ काहीतरी बोलले. पण बोलताना ते वाकून इंजिनकडे बघत होते. नोकरी मिळाली की गेली, ते सगळ्या गॅरेजला कळलं; एकट्या गुणाजीलाच नाही.

"शेठ," तो म्हणाला, "वर बघून बोला."

शेठनी मान वर केली. "उद्या आठला ये, म्हटलं."

असा एखादा गिरणीतून सुटलेला माणूस उद्या तुमच्या दारात कामाला येईल. पाठीमागे पाने आपटून त्याची परीक्षा घेऊ नका. एवढंच करा: त्याच्या समोर या, मान वर करा आणि मग बोला.